लग्नाच्या रजिस्ट्रीत भांडीकुंडी आणि घरसामान काय मागावं? पहिल्यांदाच यादी करणाऱ्यांसाठी

आमच्या स्वयंपाकघरातल्या एका कपाटाचं दार कधीच पूर्ण लागत नाही. बोटभर फट राहतेच. आतल्या जेवणाच्या प्लेट ३० सेंटीमीटरच्या आणि कपाटाची आतली खोली २९. प्लेट देखण्या आहेत, देणाऱ्यांनी मनापासून दिल्या आहेत आणि चूक सर्वस्वी आमची आहे. लग्नाच्या रजिस्ट्रीत त्या आम्हीच लिहिल्या होत्या. दुकानात दिवे छान होते, टेप घरी राहिली होती.

रजिस्ट्री म्हटल्यावर काहींच्या डोळ्यांसमोर रजिस्टर लग्न येतं. त्याचा इथे काही संबंध नाही. दुकानात किंवा संकेतस्थळावर जोडप्यानं स्वतः करून ठेवलेली भेटवस्तूंची यादी म्हणजे रजिस्ट्री. पाहुणे त्यातली एखादी वस्तू घेतात, तिच्यापुढे 'घेतली' अशी खूण होते आणि दुसरं कोणी तीच वस्तू पुन्हा आणत नाही. या पद्धतीची सुरुवात १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानात झाली. तेव्हा नवऱ्या मुली आपल्याला आवडलेली चिनी मातीची भांडी, चांदीचे काटे-चमचे, काचसामान यांचे नमुने नोंदवून ठेवत. दुकानांकडून मिळणाऱ्या तयार याद्यांत आजही शोभेच्या वस्तूंची गर्दी असते. त्या याद्या विकणाऱ्याच्या सोयीनं बनतात, एवढं डोक्यात ठेवून वाचा.

जवळ काय हवं

मोजायची टेप. फ्रिजवर लावतात तसलं एक चुंबक. एक वही. फोनमध्ये सध्याच्या कपाटांचे, ओट्याचे आणि शेगडीचे फोटो. खातं उघडताना लग्नाची तारीख, दोघांची नावं, फोन, ईमेल आणि सामान पोचवायचा पत्ता लागतो. पत्ता असा द्या, जिथे दिवसा कोणी तरी दार उघडायला असेल. लग्नानंतर घर बदलणार असाल, तर पत्ता कधी बदलायचा ते आत्ताच वहीत लिहून ठेवा. आमची दोन खोकी जुन्या पत्त्यावर गेली आणि नव्या भाडेकरूंनी ती सांभाळून ठेवली, हे आमचं नशीब.

१. आधी घर मोजा

कपाटांची आतली खोली आणि दोन फळ्यांमधली उंची. शेगडीच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान बर्नरचा व्यास. ओव्हन असेल तर त्याची आतली रुंदी. मायक्रोवेव्हमधली फिरती काचेची थाळी. सिंकची आतली लांबी, कारण मोठं पॅन आडवं बसलं नाही तर ते घासताना अर्धं पाणी ओट्यावर येतं. भांडी धुण्याचं मशीन असेल तर त्याच्या खालच्या कप्प्यात किती उंच प्लेट उभी राहते तेही बघा. पलंगाच्या गादीची जाडी मोजा. ओट्याजवळ विजेचे पॉइंट किती आणि त्यांतले रिकामे किती, हेही लिहा.

नवं घर अजून ठरलेलं नसेल तर? मग यादीतली सगळी भांडी इंडक्शनवर चालणारी निवडा. तीच भांडी गॅसवर आणि साध्या विजेच्या शेगडीवरही चालतात. उलटं मात्र होत नाही.

२. आठवडाभर वही उघडी ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. सात दिवस, दर वेळी काय शिजवलं आणि कोणतं भांडं हातात घेतलं एवढंच लिहा. आमच्या वहीत आठवड्याअखेर पाच नावं पुन्हा पुन्हा होती: एक मध्यम पातेलं, एक पॅन, एक खोल कढई, एक सुरी, एक चाळणी. कपाटात होती तेवीस भांडी.

मग तीन रकाने आखा: 'आहे आणि चांगलं आहे', 'आहे पण बदलायचं आहे', 'नाहीच'. दोघांच्या सामानाची मोजदाद एकत्र करा. दोघंही आधी एकेकटे राहत असाल तर तीन गाळण्या, चार बाटली-ओपनर आणि न जुळणारे अकरा मग हमखास निघतात. यादीत फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातलं जातं.

या वहीवरून दोघांचं थोडं भांडणही होतं. ते दुकानात होण्यापेक्षा घरी झालेलं बरं. आमच्याकडे ब्रेड करायच्या मशीनवरून झालं. "करेन ना मी दर रविवारी," असं मीच म्हणत होते. वहीत मात्र मागच्या कुठल्याच रविवारी मी ओव्हनसुद्धा लावल्याची नोंद नव्हती.

३. शिजवायची भांडी: सेट टाळा, धातू समजून घ्या

दहा-बारा नगांचा सेट स्वस्त पडतो असं वाटतं. पण त्यात झाकणंही नग म्हणून मोजलेली असतात, आणि उरलेल्यांतली दोन-तीन मापं इतकी जवळजवळची असतात की त्यातलं एकच वापरात राहतं. सुटी भांडी मागा. दोघांपासून चौघांपर्यंत साधारण एवढ्यात भागतं:

- दीड ते दोन लिटरचं दांड्याचं पातेलं, झाकणासह
- तीन लिटरच्या आसपासचं पातेलं किंवा खोल कढई
- पाच-सहा लिटरचं मोठं भांडं, सूप किंवा पाहुण्यांसाठी
- २६ ते २८ सेंटीमीटरचं स्टीलचं किंवा बिडाचं पॅन
- २० ते २४ सेंटीमीटरचं एक नॉनस्टिक पॅन, अंड्यांसाठी

आता धातूंचं. इथे थोडं थांबून वाचा, कारण रजिस्ट्रीतले सगळ्यात महाग नग हेच असतात.

स्टेनलेस स्टीलच्या भांड्यावर १८/१० किंवा १८/८ असे आकडे असतात. पहिला आकडा क्रोमियमचा, दुसरा निकेलचा, दोन्ही टक्क्यांत. क्रोमियम गंज रोखतं. निकेलमुळे चकाकी टिकते आणि गंजापासून आणखी बचाव होतो. १८/० मध्ये निकेल जवळजवळ नसतंच. चमच्यांना ते चालून जातं, पण वर्षानुवर्षांच्या धुण्यात त्यावर डाग पडायची शक्यता जास्त.

स्टीलची अडचण अशी की ते उष्णता नीट पसरवत नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या दहापटीहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणून चांगल्या भांड्यांत ॲल्युमिनियमचा थर दोन स्टीलच्या थरांमध्ये दाबलेला असतो. त्यालाच ट्रायप्लाय म्हणतात. इथे एक मेख आहे. काही भांड्यांत हा थर फक्त बुडाला चकतीसारखा लावलेला असतो, काहींत तो कडेपर्यंत वर गेलेला असतो. चकतीवाल्या भांड्यात बुडाच्या कडेला, जिथे चकती संपते तिथे, गोलाकार करपतं. ओळखायचं कसं? भांडं उलटं करा. बुडाजवळ जाड चकतीची कड वेगळी दिसली तर थर तळापुरता आहे. पाणी उकळायच्या मोठ्या भांड्याला हे चालेल. सॉस किंवा दूध आटवायच्या भांड्याला थर कडेपर्यंत गेलेला हवा.

चुंबक इथेच बाहेर काढायचं. बुडाला घट्ट चिकटलं तर इंडक्शनवर चालेल. सैल चिकटलं किंवा घसरलं तर यादीत टाकू नका. १८/१० स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून चांगले कारखाने बाहेरून चुंबकीय स्टीलचा वेगळा थर देतात.

नॉनस्टिकबद्दल माझं मत ठाम आहे. एकच पॅन, लहान आणि मध्यम किमतीचं. हा लेप झिजणारच, नियमित वापरात तीन ते पाच वर्षं गेली तरी पुष्कळ. महागडा नॉनस्टिक सेट मागणं म्हणजे मावशीच्या पैशांची उधळपट्टी. वर हा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडायला लागतो, आणि रिकामं पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथे पोचतं. अति तापलेल्या लेपाच्या धुरानं पाळीव पक्षी मरतात. घरात पोपट किंवा इतर पक्षी असेल तर नॉनस्टिक अजिबात नको, बिडाचं घ्या. 'सिरॅमिक' लेपाची भांडी बघायला छान असतात, पण त्यांचा गुळगुळीतपणा आणखी लवकर जातो.

बिडाचं पॅन नॉनस्टिकच्या तुलनेत स्वस्त आणि जन्मभराचं. मात्र त्याला तेलाचा हात लावून तापवायला लागतं, धुतल्यावर लगेच कोरडं करायला लागतं, आणि टोमॅटोसारखं आंबट त्यात तासभर शिजवलं तर तेलाचा साठलेला थर निघून येतो. एवढी उठाठेव नको असेल तर एनॅमल, म्हणजे काचेसारखा भाजलेला लेप, लावलेलं बिडाचं जाड भांडं मागा. वजन उचलून बघा आधी. पाच लिटरच्या भांड्याचं, झाकणासह, रिकाम्याचंच वजन पाच किलोच्या आसपास जातं. माझ्या मनगटाला ते दोन्ही हातांनीच झेपतं. घरात कोणाचे हात दुखत असतील तर ही शोभेची वस्तू होऊन बसेल.

तांब्याच्या भांड्याचा मोह होतो, तोही नवी नवलाई असताना. आतून कल्हई किंवा स्टीलचा थर नसेल तर त्यात आंबट काहीही शिजवता किंवा ठेवता येत नाही, तांबं अन्नात उतरतं. कल्हई झिजली की पुन्हा करायला लागते. ती करणारं कोणी जवळपास असेल तरच विचार करा.

मूठ आणि झाकणाकडेही बघा. मूठ रिव्हेटनी ठोकलेली असेल तर आत घाण साठते, पण ती हलत नाही. स्क्रूवाली हलते, पण घट्ट करता येते. भांडं ओव्हनमध्ये जायचं असेल तर प्लॅस्टिकची मूठ नको. प्रेशर कुकर मागणार असाल तर त्याची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटे मिळतात का, हे आधी विचारा. आणखी पाच वर्षांनी रिंग न मिळालेला कुकर म्हणजे झाकण न लागणारं पातेलं.

४. सुऱ्या

लाकडी ठोकळ्यात खोचलेला चौदा सुऱ्यांचा संच फोटोत उठून दिसतो. कामाच्या तीनच. २० सेंटीमीटरची मोठी सुरी, ८-१० सेंटीमीटरची लहान सुरी आणि पावासाठी दातेरी. तिघींपैकी सगळे पैसे मोठीवर लावा. ती हातात धरून बघितल्याशिवाय यादीत टाकू नका. दोघांपैकी ज्याचा हात मोठा त्यानं आणि ज्याचा लहान त्यानंही. मुठीत बोटं अवघडली तर कितीही नावाजलेली असो, नको.

सोबत लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड. काचेच्या किंवा दगडी बोर्डवर सुरीची धार काही दिवसांत जाते. लोखंडी कांब, जी सेटमध्ये मिळते, ती धार लावत नाही, वाकलेली धार सरळ करते. धार लावायला दगड किंवा धार लावून देणारा माणूस वेगळा लागतो.

५. प्लेट, बोल, ग्लास

इथे आधी बसून खरं बोला. तुमच्याकडे एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं जेवायला बसतात? त्यात दोन मिळवा, कारण फुटतंच. आठ माणसं असतील तर दहा.

मातीचे प्रकार थोडक्यात. साधी मातीची भांडी कमी तापमानावर भाजलेली, म्हणून सच्छिद्र. त्यांचे टवके लवकर उडतात. स्टोनवेअर जास्त भाजलेलं, जाड, रोजच्याला बरं. पोर्सिलेन सुमारे १,३०० अंशांवर भाजतात, ते पातळ असूनही कणखर असतं. बोन चायनात जनावरांच्या हाडांची राख मिसळलेली असते. प्लेट दिव्यासमोर धरली की मागच्या बोटांची सावली दिसते. शाकाहारी पाहुण्यांना किंवा घरच्यांना हे चालेल का, ते विचारून घ्या, नंतर कळलं की ती भांडी कायमची वरच्या फळीवर जातात.

सोनेरी किंवा रुपेरी काठ असलेली प्लेट मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या टाकते. रोजच्या वापराला काठ नकोच.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो विक्रेता स्वतःहून सांगत नाही: हा नमुना सुटा मिळतो का? दोन वर्षांनी एक बोल फुटला तर एकच विकत घेता येईल, की पुन्हा सोळा नगांचं खोकं? सुट्या विकल्या जाणाऱ्या आणि बरीच वर्षं चालू असलेल्या साध्या पांढऱ्या नमुन्याला तोड नाही. नाजूक फुलं रंगवलेला हंगामी नमुना दोन हंगामांत बंद पडतो.

मापाचं सांगितलंच. २६-२७ सेंटीमीटरची प्लेट बहुतेक कपाटांत आणि मशीनमध्ये बसते. बोल खोलगट घ्या, उथळ नको. आमच्या घरात प्लेटपेक्षा बोल तिप्पट वापरले जातात, पण यादीत आम्ही त्यांना शेवटी बसवलं आणि चारच मागितले. आता जेवणाच्या वेळेला कोणी तरी मगात सूप पितं.

ग्लास दोन प्रकारचे पुरेत: एक रोजचा आखूड, एक उंच. एकात एक बसणारे ग्लास जागा वाचवतात, पण काही एकमेकांत अडकून बसतात, दुकानात रचून बघा. ओव्हनच्या काचेच्या भांड्यांत काच बोरोसिलिकेट आहे का ते बघा. तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे गरम-थंडाचा झटका बराच सोसते. तरी फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये काहीच टाकू नका.

डब्यांना यादीत जागा द्या, हे सगळे विसरतात. काचेचे डबे, झाकणं सुटी मिळणारे, तीन मापांचे.

६. विजेची उपकरणं

वहीत आठवड्यातून एकदा तरी ज्याची गरज दिसली, तेवढंच. ओट्यावर कायम मांडून ठेवायला जागा नसेल तर ते उपकरण महिन्याभरात बंद कपाटात जातं आणि मग निघत नाही. ब्लेंडर, टोस्टर, विजेची किटली यांचं वजन हातात उचलून बघा. पात्याभोवतीची जागा धुता येते का बघा. सुटे भाग मिळतात का विचारा.

पाहुणे किंवा तुम्ही दोघं वेगवेगळ्या देशांत असाल तर व्होल्टेज तपासा. काही देशांत ११०-१२० व्होल्ट, बहुतेक ठिकाणी २२०-२४०. प्लग बदलणारं ॲडाप्टर व्होल्टेज बदलत नाही. तापवायच्या उपकरणांना लागणारा ट्रान्सफॉर्मर उपकरणाहून जड असतो. ज्या देशात राहणार तिथल्याच दुकानात अशा वस्तू नोंदवा.

७. टॉवेल आणि चादरी

टॉवेलवर जीएसएमचा आकडा असतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. अंघोळीच्या टॉवेलला ४०० ते ६०० चांगलं. ७०० च्या पुढचा टॉवेल हातात गुबगुबीत लागतो आणि दमट हवेत दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही, मग वास यायला लागतो. माणशी दोन मोठे, दोन लहान, आणि एक जोडी पाहुण्यांना. नवा टॉवेल पहिले दोन-तीन वेळा धुतल्याशिवाय नीट पाणी शोषत नाही, आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यानं त्याची शोषणशक्ती कमी होते.

चादरीवरचा थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे. २०० ते ४०० मध्ये उत्तम चादरी मिळतात. ८०० किंवा १,००० लिहिलेलं असेल तर बऱ्याचदा दुहेरी पिळाचा एक धागा दोन म्हणून मोजलेला असतो. आकड्यापेक्षा विणीकडे बघा. परकेल ही एक वर एक खाली अशी साधी वीण, कोरडी आणि गार लागते. सॅटिन विणीत धागे वरच्या बाजूला जास्त, म्हणून चमक आणि ऊब. दोघांपैकी एकाला गरम होतं आणि दुसऱ्याला थंडी वाजते, हे बहुतेक घरांत असतंच. गरम होणाऱ्याचं ऐका, दुसऱ्याला वर पांघरूण देता येतं.

कडेला इलॅस्टिक शिवलेली, गादीवर चढवायची चादर मागणार असाल तर गादीची जाडी इथे लागते. चादरीच्या खिशाची, म्हणजे गादीच्या बाजूंवर उतरणाऱ्या भागाची, खोली गादीच्या जाडीहून निदान पाच सेंटीमीटर जास्त हवी.

८. यादी बांधताना

पाहुण्यांच्या खिशाचा विचार हा तुमच्या आवडीइतकाच यादीचा भाग आहे. सगळ्या वस्तू महाग असल्या की विद्यार्थी चुलतभाऊ पाकीट देऊन मोकळा होतो. सगळ्या स्वस्त असल्या की तुमच्या आत्याला वाटतं, एवढंसंच कसं द्यायचं. म्हणून स्वस्त, मधल्या आणि महाग अशा तिन्हींत वस्तू ठेवा आणि मधल्या सगळ्यात जास्त. स्वस्तात फळं सोलायचं सोलाणं, लाकडी कालथे, चाळण्या, मापाचे कप, कापडी रुमाल अशा गोष्टी. दोन-तीन जण मिळून त्या एकत्र देतात.

महाग वस्तू, उदाहरणार्थ एनॅमलचं मोठं भांडं, काही दुकानांत अनेकांना वर्गणीनं देता येते. ही सोय आहे का बघा. आणि पैसे पूर्ण जमले नाहीत तर त्यांचं काय होतं, हे आधी वाचून घ्या.

पाहुण्यांच्या संख्येपेक्षा वस्तू थोड्या जास्त असाव्यात, म्हणजे शेवटच्या माणसालाही निवड राहते. एकाच दुकानात सगळं नको, दोन पुरे. तीन-चार ठिकाणी याद्या केल्या की पाहुणे गोंधळतात आणि तुम्हीही.

दुकान निवडताना हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या:

- परत करायची मुदत किती, आणि ती खरेदीच्या दिवसापासून मोजतात की लग्नाच्या?
- वस्तू संपली तर दुसरी कोणती देणार, आणि ते तुम्हाला विचारून की परस्पर?
- पैसे परत मिळतात, की तेवढ्याच रकमेची दुसरी खरेदी त्याच दुकानात करायची?
- लग्नानंतर उरलेल्या वस्तूंवर तुम्हाला सूट आहे का?
- फुटलेली वस्तू आली तर किती दिवसांत कळवायचं?

पहिल्या प्रश्नात आम्ही फसलो. एका नातेवाइकांनी लग्नाच्या चार महिने आधी मिक्सर घेतला होता. आम्ही तो लग्नानंतर उघडला, झाकणाला तडा होता. मुदत खरेदीपासून मोजत होते आणि ती कधीच संपली होती. यादीतली वस्तू घरी पोचली की लग्नाआधीच खोकं उघडून बघायचं. लग्न झाल्यावर उघडण्यात गंमत असते, पण तेवढी नाही.

९. यादी जागती ठेवा

लग्नाच्या चार ते सहा महिने आधी खातं उघडा, आणि दर आठवड्याला एकदा बघा. एखादी वस्तू दुकानातून बंद झाली तर काढून टाका. मधल्या किमतीच्या वस्तू भराभर संपतात, नव्या घाला.

सगळ्यात मोठा घोटाळा असा होतो. पाहुणा यादी बघतो, पण तीच वस्तू दुसरीकडे स्वस्तात घेतो आणि 'घेतली' अशी खूण करत नाही. आमच्याकडे अशानं एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे तीन हँड ब्लेंडर आले. मामानं आणला, वर्गमित्रांनी आणला आणि तिसरा कोणाचा ते चिठ्ठी हरवल्यामुळे आजतागायत कळलेलं नाही. म्हणून यादीची लिंक पाठवताना सोबत एक ओळ लिहा: 'बाहेरून घेतलंत तरी यादीत खूण करा.' लाजायचं कारण नाही, पाहुण्यांनाही तेच हवं असतं. ज्यांना ऑनलाइन जमत नाही अशा थोरल्यांसाठी घरातल्या एकाचा फोन नंबर द्या. त्यानं त्यांच्या वतीनं खूण करायची.

१०. वस्तू आल्यावर

प्रत्येक खोकं उघडताना वहीत चार गोष्टी लिहा: काय आलं, कोणाकडून, कोणत्या तारखेला, धन्यवादाचं पत्र गेलं का. पत्रात वस्तूचं नाव घेऊन लिहा, म्हणजे देणाऱ्याला कळतं की ती खरंच पोचली.

वॉरंटी कार्डं आणि बिलांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये. उपकरणं एकदा चालवून बघेपर्यंत खोकी फेकू नका. नव्या स्टीलच्या भांड्यांवर कारखान्यातला तेलकट थर असतो, गरम पाण्यानं आणि साबणानं आधी धुवा. स्टिकरचा चिकट डाग ओल्या फडक्यानं जात नाही. खाण्याच्या तेलाचे दोन थेंब चोळा, दहा मिनिटांनी पुसा. बिडाचं पॅन आधी तेल लावून तापवा, थंड होऊ द्या, हे दोन-तीन वेळा करा, मगच त्यात अंडं फोडा. पहिलं अंडं तरीही चिकटेल.

आणि मशीनमध्ये चालेल असं खोक्यावर छापलेलं असलं, तरी चांगली सुरी त्यात टाकू नका.